दौंड–मनमाड, अकरा ड्यूट्या बाकी

आमच्या दुकानात एक जॉबकार्ड असतं. पिवळ्या कागदाचं, कार्बन घालून दोन प्रती. त्यावर चार रकाने आहेत. गिऱ्हाइकाचं नाव, वस्तू, तक्रार आणि बिघाडाचं कारण. पहिले तीन गिऱ्हाईक सांगेल तसे भरायचे. चौथा मी भरायचा. आणि या चौथ्या रकान्यात मी गेली बावीस वर्षं न लाजता खोटं लिहीत आले आहे.

खरं लिहून कुणाचं भलं झालंय? रांजणगावला कंपनीत जाणारे तीन रूम-पार्टनर बोनसमधून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेतात, क्रिकेटची मॅच हरल्यावर त्यातला एक जण कंट्रोलर भिंतीवर हाणतो, आणि दुसऱ्या दिवशी तिघंही गरीब चेहरा करून माझ्यासमोर उभे राहतात. मी लिहिते, 'बटन निकामी'. एका घरात खंडेनवमीला सासूबाईंनी सीपीयूसमोर नारळ फोडला आणि पाणी थेट आत. सून माझ्याकडं बघते, मी सुनेकडं बघते, आणि लिहिते, 'शॉर्टसर्किट'. ज्याचं काहीच कळत नाही त्याला लिहायचं 'व्हायरस'. गावात दुखणं समजलं नाही की बाहेरचं लागलं म्हणतात, आम्ही व्हायरस म्हणतो. दोन्हीकडं माणूस लगेच समाधान पावतो.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझा गाळा आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, गेमचे डबे, सगळं दुरुस्त करते. माझे आजोबा मेंढरं कातरायचे, मी सीपीयू उघडून धूळ काढते. लोकर बरी, एवढंच म्हणेन. सुरुवातीला गिऱ्हाईक आलं की माझ्या खांद्यावरून आत डोकावायचं आणि विचारायचं, मेकॅनिक कुठं गेलाय? मी म्हणायचे, जेवायला गेलाय, तोवर मी बघते. मशीन चालू करून हातात दिलं की मी म्हणायचे, मेकॅनिक आल्यावर सांगते हं तुम्ही येऊन गेलात म्हणून. एक आप्पा तर वर्षभर त्या मेकॅनिकला नमस्कार सांगून जायचे. मीही तो पोचवत असे.

या धंद्यात माणसाला मशीनपेक्षा लोकांची मतंच जास्त ऐकावी लागतात. आमच्या भागातल्या समस्त बापांचं एक मत ठरलेलं आहे. कॉम्प्युटर म्हणजे अभ्यास आणि गेमचा डबा म्हणजे वाटोळं. त्यामुळं डबा मागणाऱ्या पोराला कॉम्प्युटर मिळतो, आणि मग त्याच कॉम्प्युटरवर डब्यातले सगळे गेम येऊन बसतात. ते 'बारावी फिजिक्स प्रॅक्टिकल' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तसली किती फोल्डरं मी पाहिली असतील! बाप दुकानात येतो, म्हणतो, मशीन लई स्लो झालंय, गेमबिम असलं तर सगळं उडवा. मी उडवते. पंधरा दिवसांनी पोरगा एकटा येतो आणि तेच परत टाकून नेतो. मला दोन्हीकडून काम. माझं स्वतःचं मतही बापांच्याच बाजूचं होतं. गेम म्हणजे कचरा. गेला तर परत टाकता येतो, त्यासाठी रडायचं काय?

या मतापायी मी एका माणसाची पावणेदोन वर्षांची नोकरी घालवली. तेच सांगायला बसले आहे.

दर गुरुवारी मी दौंडला जाते. न्हावरं, इनामगाव करत एसटीनं, पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन. तिथं रेल्वेवाल्यांच्या वस्तीत माझी बांधलेली घरं आहेत. त्यांतलं एक साळवे मामांचं. मामा रेल्वेत ड्रायव्हर होते. हल्ली लोको पायलट म्हणतात, मामांना मात्र ड्रायव्हरच म्हटलेलं आवडतं. रिटायर झाल्यावर ते माझ्याकडं आले ते हातात कागद घेऊनच. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, गाडी चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी कॉम्प्युटर पाहिजे. म्हणजे पडद्यावर आगगाडी चालवायचा गेम.

मी त्यांना चांगल्या मनानं डबा घ्या म्हटलं. टीव्हीला जोडा, बटन दाबा, सुरू. व्हायरस नाही, फॉरमॅट नाही, माझी कटकट नाही. मामांनी तो डबा हातात घेऊन उलटापालटा केला, वजन बघितलं आणि परत ठेवला. म्हणाले, ह्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच न्हाई. जे उघडून बघता येत न्हाई ते इंजिन कसलं? शिवाय दौंड ते मनमाड हा मार्ग कुणा हौशी माणसानं बनवून ठेवला होता, तो फक्त कॉम्प्युटरवरच चालायचा. काष्टी, विसापूर, नगर, बेलापूर, पुणतांबा, सगळी स्टेशनं ओळीनं. तेव्हा कॉम्प्युटरच घेतला.

मग काय सांगू! त्या घरात गेम हा शब्द बंद. ड्यूटी म्हणायचं. आठवड्यातून एकदा मामा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घड्याळ लावून खुर्चीवर बसायचे. गाडी जुन्याच वेळापत्रकानं निघणार आणि तेवढेच तास लावून मनमाडला पोचणार. अधे-मधे थांबवून उठायचं नाही. जेवणाचा डबा भरलेला, तो नगरला गाडी उभी राहील तेव्हाच उघडायचा. आणि शेजारच्या खुर्चीवर मावशी, म्हणजे मामांच्या मिसेस, असिस्टंट म्हणून.

त्यांचं काम सिग्नल सांगायचं. रेल्वेत तसा नियमच आहे. दोघांनीही सिग्नल बघायचा आणि मोठ्यानं बोलायचा, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला कळते. मावशी चष्मा सावरून म्हणायच्या, होम हिरवा. मामा म्हणायचे, होम हिरवा. आणि गाडी स्टेशनात शिरायची; स्टेशनात घेणारा सिग्नल तो होम. मी एकदा टेबलाखाली वायरी बघत होते तर वर हेच चाललेलं. मध्येच मावशी तशाच सुरात म्हणाल्या, "होम हिरवा, पण माझा भात लागायचाय. गाडी हळू घ्या." मामांनी खरंच वेग कमी केला.

खंडेनवमीला तर मला ते घर म्हणजे माहेर वाटायचं. सगळ्या तालुक्यात त्या दिवशी लोक कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात, आणि पुढचे आठ दिवस माझ्याकडं पंख्यात पाकळ्या अडकलेल्या सीपीयूंची रांग लागते. मी दुकानात पाटीच लावली आहे, 'कॉम्प्युटरला हार, कुंकू, नारळ चालत नाही.' लोक ती वाचतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन हार घालतात. साळवे मामांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पूजाअर्चा नाही, आणि मशीन आरशासारखं. मामा म्हणायचे, इंजिनाला फडकं लागतं, कुंकू न्हाई.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मामांचं मशीन रडायला लागलं. मी ते शिरूरला आणलं आणि फॉरमॅट मारला. फॉरमॅट मारणं म्हणजे घरातलं सगळं सामान बाहेर काढून, घर धुऊन, परत नवा संसार मांडणं. सामान बाहेर काढताना काय ठेवायचं ते मेकॅनिकनं बघायचं असतं. मी अगदी मन लावून बघितलं. पेन्शनचे कागद ठेवले. नातीचे फोटो ठेवले. मावशींनी कुठून उतरवून घेतलेल्या लोणच्याच्या पाककृतीसुद्धा ठेवल्या. गाडीचं सॉफ्टवेअर मात्र ठेवलं नाही. गेमच तो, नंतर टाकता येतो. टाकलाही, अगदी दौंड–मनमाडसकट.

गुरुवारी मशीन नेऊन जोडलं. मामांनी गाडीचं पान उघडलं आणि वर एक कोपरा असतो तिथं बघत राहिले. तिथं ड्रायव्हरची नोंद असते, किती फेऱ्या, किती तास. तिथं शून्य होतं.

"म्याडम," मामा म्हणाले, "माझी सर्व्हिस कुठंय?"

मला आधी कळेचना. मग मावशींनी सांगितलं. मामा वेळेच्या दोन वर्षं आधी इंजिनावरून उतरले होते. उरलेली नोकरी त्यांनी स्टेशनवरच्या ऑफिसात टेबलाला बसून काढली. ती राहिलेली दोन वर्षं ते घरी बसून गाडीवर भरून काढत होते, एकही फेरी न चुकवता. पावणेदोन वर्षं झाली होती. आठवड्याला एक ड्यूटी या हिशेबानं अकरा राहिल्या होत्या. अकराव्या ड्यूटीला मनमाडला शेवटची गाडी पोचवायची आणि मगच मशीन बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ड्रायव्हरच्या शेवटच्या गाडीची रेल्वेत रीत आहे. इंजिनाला हार घालतात, ढोल लावतात, घरचे फलाटावर येतात. मावशींनी त्या दिवसासाठी जांभळी साडी आधीच घेऊन ठेवली होती. टेबलावरून रिटायर होणाऱ्याला शाल मिळते. इंजिनाचा हार मिळत नाही. ती साडी घडी न मोडता कपाटात होती.

आणि मी काय केलं? मी जॉबकार्ड काढलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, 'हार्डडिस्क खराब'. तोंडानंही तेच सांगितलं. मामा, हार्डडिस्क उडाली हो, त्याला कुणाचा इलाज नाही. मामांनी कार्ड वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. परतीच्या एसटीत मला स्वतःची इतकी लाज वाटली की न्हावऱ्याला चढलेल्या ओळखीच्या बाईसमोर मी झोपेचं सोंग घेतलं.

आठवडाभर मी त्यावर उपाय शोधला, आणि तो माझ्या वळणाचाच निघाला. त्या सॉफ्टवेअरची नोंद एका साध्या फाइलीत असते. ती उघडून आकडा बदलता येतो. मी मावशींना फोन करून सहज विचारल्यासारखं करत फेऱ्यांचा आकडा काढून घेतला, फाइल तयार केली, पेनड्राइव्हवर घेतली. गुरुवारी जायचं आणि म्हणायचं, मामा, चमत्कार झाला, डेटा सापडला! म्हणजे आधीच्या खोट्यावर आणखी एक खोटं, पण या वेळी पेढे मिळण्यासारखं.

गेले तर मामा खुर्चीत बसलेले, मशीन बंद. मावशींनी चहा दिला. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत. लगेच चमत्कार करायचा धीर होईना, म्हणून मी इकडचं तिकडचं काढलं. विचारलं, मामा, दोन वर्षं आधी उतरवलं कशापायी तुम्हाला?

मामा म्हणाले, उतरवलं न्हाई, मीच उतरलो. एका पहाटे विसापूरच्या अलीकडं त्यांना पुढचा सिग्नल दिसला तो हिरवा वाटला. असिस्टंट ओरडला, लाल! मामांनी गाडी सिग्नलाच्या आधीच उभी केली. काही झालं नाही. गाडीत झोपलेल्या माणसांना कळलंसुद्धा नाही. असिस्टंट म्हणाला, सर, सोडून द्या, आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत? मामांनी दौंडला उतरून स्वतःच्या हातानं लिहून दिलं की मला सिग्नल नीट दिसला नाही, माझे डोळे तपासा. डोळे तपासले आणि इंजिन गेलं.

"लई वाईट वाटलं," मामा म्हणाले. "अजून वाटतं. पण म्याडम, मागं हजारभर माणूस बसलेलं असतं. ते आपल्या शब्दावर झोपलेलं असतं."

आता सांगा, यावर पेनड्राइव्ह काढायचा कसा? मी तो पिशवीत टाकला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, मामा, हार्डडिस्क खराब नव्हती. मी फॉरमॅट मारताना तुमची नोंद ठेवली नाही. गेम म्हणून टाकून दिली. पिशवीत खोटी नोंदही आणली आहे, तीही सांगते. हे सगळं एका दमात बोलले, कारण मध्ये थांबले असते तर पुन्हा व्हायरसवर गेले असते.

मावशींनी पदर तोंडाला लावला. मामा खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "मला राग आलाय. तो राहू द्या." त्यांनी खिशातून जॉबकार्ड काढलं, घडी उलगडून माझ्यापुढं ठेवलं. "आधी हा रिपोर्ट दुरुस्त करा."

मी 'हार्डडिस्क खराब' खोडलं आणि लिहिलं, 'मेकॅनिकची चूक'. बावीस वर्षांत चौथ्या रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलं असेल. अक्षरसुद्धा अनोळखी वाटत होतं. मामांनी खाली तारीख टाकायला लावली.

मी विचारलं, आता हो काय करायचं? पुन्हा पहिल्यापासून? दोन वर्षं? मामा माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी फार अडाणी प्रश्न विचारलाय.

"गाडी मधी बंद पडली तर ती काय परत पहिल्या ठेसनाला नेत्यात व्हय?" ते म्हणाले. "दुसरं इंजिन लावायचं, आन् हाय तिथनं पुढं."

मी म्हटलं, पण नोंद शून्य दाखवतेय. पुढची फेरी केली की एक दाखवणार. तेव्हा मावशी उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या मागं मागल्या वर्षाचं, त्याच्या मागं त्याच्या आधीचं. प्रत्येक चौकोनात दुधाची रेघ, सिलिंडर आला त्या दिवशी गोल, आणि दर आठवड्याला एका चौकोनात बारीक अक्षरात 'म.' मनमाडचा म. मी पहिल्यापासून मोजून बघितले. अकराच राहिल्या होत्या. एवढं थोर सॉफ्टवेअर, एवढी हार्डडिस्क, आणि नोंद टिकली ती दुधाच्या रेघेशेजारी! मामांनी मशीन चालू केलं. कोपऱ्यातल्या शून्यावर त्यांनी कागदाची चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, चला, बसा असिस्टंट.

त्यानंतर दर गुरुवारी मी तिथं गेले की आधी कॅलेंडर बघायची. दहा. सात. चार. शिरूरच्या गिऱ्हाइकांनाही आता माझ्या प्रश्नांची सवय करावी लागली. एक बाप पोराचं मशीन घेऊन आला आणि म्हणाला, गेम सगळे उडवा. मी त्याला विचारलं, पोराला विचारलंत का? तो म्हणाला, त्याला काय विचारायचं? मी म्हटलं, मग मशीन परत न्या, विचारून या. गिऱ्हाईक गेलं ते परत आलंच नाही, आणि आलं नाही याचं मला थोडं वाईटही वाटलं.

शेवटची ड्यूटी मामांनी माझ्यासाठी गुरुवारी ठेवली. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं गेले. मावशी दारातच होत्या, जांभळी साडी नेसून, घडीच्या खुणा अजून साडीवर होत्या. मामांचा शर्ट कडक इस्त्रीचा. गाडी वेळेवर सुटली. मी मागं स्टुलावर बसून. काष्टी गेलं. विसापूरच्या अलीकडं मावशींचा आवाज जरा चढला, "होम लाल." मामा म्हणाले, "होम लाल," आणि गाडी अगदी हळू येऊन सिग्नलाच्या आधीच उभी राहिली. दोघंही पुढं बघत होते. मग मावशी म्हणाल्या, "होम हिरवा," आणि मामांनी नाक ओढून गाडी सोडली. नगरला तिघांनी डबा खाल्ला, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीची भाजी. अंकाई गेलं. मनमाडला गाडी फलाटाला लागली, मामांनी ब्रेक लावला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मी पिशवीतून दोन हार काढले. झेंडूचे, चांगले हातभर. शिरूरहून फडक्यात गुंडाळून आणलेले. एक मामांच्या गळ्यासाठी आणि दुसरा, होय, दुसरा मी माझ्या हातानं सीपीयूला घातला. मामा म्हणाले, म्याडम, तुमची पाटी? मी म्हटलं, पाटी शिरूरला आहे. मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. मामांनी एकदा, लांब, हॉर्न दिला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सीपीयूच्या पोटातून कर्रर्र असा आवाज आला. पंख्यानं हाराचा दोरा ओढून घेतला होता. पाकळ्या सगळीकडं उडाल्या, जळका वास सुटला आणि मनमाड स्टेशन, फलाट, इंजिन सगळं काळं झालं.

आम्ही तिघंही त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिलो. मग मामा असे हसायला लागले की मावशींना त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं.

मी पिशवी उघडली, पेचकस काढला, आणि सवयीनं जॉबकार्डही. नाव, साळवे. वस्तू, सीपीयू. तक्रार, बंद पडला. चौथ्या रकान्याशी माझं पेन थांबलं. मामा डोळे पुसत माझ्या हाताकडं बघत होते, खालच्या सहीसाठी त्यांनी स्वतःचं पेन उघडून धरलं होतं.

मी लिहिलं, 'मेकॅनिकने हार घातला.'